टॅटूचा फोटो महिन्यानंतरचा छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत टॅटूवर आलेलं पान मी दोनदा वाचलं. मी स्वतः टॅटू आर्टिस्ट आहे, बरीच वर्षं याच कामावर पोट भरते. त्यामुळे आमच्या कामावर कोणी आस्थेने लिहिलं की बरं वाटतं. डिझाइन कसं निवडावं, शरीराच्या कोणत्या जागी जास्त दुखतं, हे सगळं त्या लेखात नीट आलं होतं. एक गोष्ट मात्र राहून राहून खटकली. पानावर छापलेला एकही टॅटू बरा झालेला नव्हता.

हे फोटोवरून ओळखता येतं. रेषेच्या दोन्ही बाजूंना त्वचा लालसर दिसते, रेष स्वतः किंचित उचललेली असते आणि शेडिंगवर ओली चकाकी असते. मशीन बंद केलं, शेवटचा हात पुसला की पहिल्या पाच-दहा मिनिटांत असे फोटो काढले जातात. त्या घडीला टॅटू जितका काळाभोर आणि रेखीव दिसतो, तितका तो पुढे कधीच दिसत नाही. तो फोटो ताज्या जखमेचा असतो. वाचकाला मात्र वाटतं की आपल्याला हेच मिळणार, आणि आजच मिळणार.

म्हणून माझी विनंती अशी: यापुढे टॅटूचे फोटो छापाल तेव्हा निदान महिन्यानंतरचे, शक्य तर वर्षानंतरचे छापा आणि फोटोखाली टॅटू किती जुना आहे तेवढं लिहा. आर्टिस्टकडून असे फोटो मिळवणं सोपं नाही हे मला माहीत आहे. काम झालं की माणूस जातो, बरा झालेला हात दाखवायला फारसं कोणी परत येत नाही. तरी मागून बघा. जो आर्टिस्ट मन लावून काम करतो त्याने असे फोटो जपून ठेवलेले असतात. टॅटू करून घ्यायला निघालेल्या प्रत्येकानेही आधी हेच मागावं. ताज्या फोटोत साधारण कामही झकास दिसतं. हात जड पडला होता की हलका, हे बऱ्या झालेल्या फोटोतच कळतं.

हे असं का होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण पुढची सगळी काळजी त्यावरच उभी आहे. मशीनची सुई सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा खालीवर होते आणि शाई त्वचेत एक ते दोन मिलिमीटर खोल नेऊन सोडते. त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो आणि साधारण महिन्या-दीड महिन्यात नवा होतो. शाई फक्त तिथेच राहिली तर सगळी निघून जाईल. म्हणून ती त्याच्या खालच्या, मजबूत थरात पोचवावी लागते. तिथे शरीराच्या राखणदार पेशी धावून येतात आणि शाईचे कण गिळतात. ते कण त्यांना पचवता येत नाहीत, हलवताही येत नाहीत. फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं की अशी पेशी मेली की तिच्यातली शाई बाहेर पडते आणि शेजारी आलेली नवी पेशी तीच शाई पुन्हा गिळते. टॅटू वर्षानुवर्षं टिकतो तो या हस्तांतरामुळे.

पण टॅटू झाल्या दिवशी वरच्या थरातही भरपूर शाई असते. ती जायचीच असते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे सुटू लागतात आणि ते पापुद्रे रंगीत असतात. अंघोळीनंतर कागद टेकवला की त्यावर काळ्या-निळ्या सालीचे बारीक तुकडे येतात आणि माणूस घाबरतो. रात्री-अपरात्री मला फोन येतात, "ताई, रंग निघून चाललाय!" तो निघून चाललेला रंग टॅटूचा नसतोच. त्यानंतर दोन-तीन आठवडे टॅटूवर दुधाळ पडदा आल्यासारखा दिसतो, कारण वर नवी, पातळ, जरा चकचकीत त्वचा आलेली असते. तीही हळूहळू स्वच्छ होते. वरून जखम भरायला दोन ते चार आठवडे लागतात, आतून पूर्ण सावरायला काही महिने. टचअप, म्हणजे फिकी राहिलेली जागा पुन्हा भरणं, म्हणूनच निदान महिना-दीड महिना उलटल्याशिवाय करू नये, आणि घाई करणाऱ्या आर्टिस्टलाही करू देऊ नये.

म्हणजे ताजा फोटो आणि खरा टॅटू यांच्यामध्ये एक अख्खा महिना असतो आणि त्या महिन्यात मी तिथे नसते. तो महिना ज्याचा हात असतो त्याच्याकडे असतो. आपल्या पानावर त्या महिन्यासाठी एकच ओळ होती: "आर्टिस्टने सांगितलेलं क्रीम नियमित लावावं." एवढ्याने भागत नाही.

आमच्याकडूनही सांगण्याची वेळ चुकते, असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक ठिकाणी काळजी कशी घ्यायची ते टॅटू संपल्यावर, फिल्म चिकटवता चिकटवता सांगितलं जातं. तीन तास सुई सोसलेल्या माणसाचा हात तेव्हा थरथरत असतो, तोंड कोरडं पडलेलं असतं, डोळे आरशाकडे लागलेले असतात. त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. मी हे सगळं तारीख ठरवतानाच सांगते आणि छापील कागद हातात देते. पुढच्या आठवड्यात पोहायला जायचं असेल, उन्हातान्हात प्रवास असेल, तर तेव्हाच तारीख पुढे ढकलता येते. स्टेन्सिल, म्हणजे डिझाइनचा छाप, त्वचेवर लागल्यावर कोणी मागे फिरत नाही.

आता धुण्याबद्दल. टॅटू बिघडण्याची सुरुवात बहुधा इथूनच होते. पहिल्या दिवशी टॅटूमधून पिवळट, चिकट पाणी झिरपतं. त्यात थोडं रक्त आणि वरची शाई मिसळलेली असते. ते वाळू दिलं की जाड खपली धरते आणि खपली उचकटली की खालची शाई घेऊनच निघते. म्हणून ते पाणी धुवून काढायचं. आधी आपले हात साबणाने स्वच्छ धुवा, अंगठीखालची जागासुद्धा. मग कोमट पाणी आणि वास नसलेला सौम्य साबण घ्या. साबण थेट टॅटूवर घासू नका, तळहातावर फेस करून बोटांच्या पोटांनी हळूहळू फिरवा. स्पंज नको, काथ्या नको, नखं तर नकोतच. बोटांखालची बुळबुळ गेली की धुणं झालं. त्यानंतर कागदी रुमाल टेकवून पाणी टिपा. न्हाणीघरात टांगलेला टॉवेल वापरू नका, तो दिसायला कितीही स्वच्छ असला तरी. मग दहा मिनिटं टॅटू तसाच उघडा, वाऱ्यावर वाळू द्या.

क्रीम लावायचं ते यानंतर. आणि इथे मायेपोटी नुकसान होतं. लोकांना वाटतं, जास्त क्रीम म्हणजे जास्त काळजी. जाड थराखाली खपली ओली राहून फुगते, मऊ पडते आणि कपड्याला चिकटून निघून येते. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर इतकंच लावावं की त्वचा ताणल्यासारखी वाटणार नाही, पण वर तकाकीही राहणार नाही. दिवसातून दोन-तीनदा पुरे. अँटिबायोटिक मलम डॉक्टरांनी दिल्याशिवाय लावू नका. त्यातल्या निओमायसिनची अ‍ॅलर्जी अनेकांना असते आणि मग पुरळ संसर्गाचं की मलमाचं हेच कळेनासं होतं. घरगुती लेपही नकोत. उघड्या जखमेवर निर्जंतुक नसलेलं काहीही लावायचं नसतं.

हल्ली बरेच जण पारदर्शक, चिकटणारी फिल्म लावून देतात. ती चांगली असते. तिच्यातून हवा जाते, पाणी आणि घाण आत येत नाही आणि कपडे खराब होत नाहीत. ती किती दिवस ठेवायची ते आर्टिस्टला नेमकं विचारा, कारण ते फिल्म आणि टॅटू दोन्हींवर ठरतं. फिल्मखाली काळसर पाणी साचलं तर घाबरू नका. पण कड सुटून ते बाहेर येऊ लागलं तर जिथून बाहेर येतं तिथून जंतू आतही जातात, तेव्हा ती फिल्म काढून टॅटू धुवा. फिल्मच्याच आकाराचा लाल, खाजरा चौकोन उमटला तर ती गोंदाची अ‍ॅलर्जी आहे. फिल्म काढा आणि पुन्हा लावू नका. काढताना वर खेचायची नाही. कोमट पाण्याखाली धरून त्वचेला समांतर ताणत सोडवायची. स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिक मात्र घरी पोचेपर्यंत काही तास गुंडाळायला ठीक, रात्रभर नको. त्यातून वारा जात नाही, आत घाम धरतो.

दुसऱ्या आठवड्यात खाज सुटते. ती सोसणं सुई सोसण्यापेक्षा अवघड, असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. खाजवू नका. धुतलेल्या तळव्याने हलकेच दाबा किंवा स्वच्छ, गार, ओला कपडा क्षणभर टेकवा. झोपेत नखं लागतात म्हणून नखं कापून टाका. कपडे सैल, सुती घाला. कोपर, गुडघा, कंबरेची पट्टी येते ती जागा, ब्राचा पट्टा रुततो तो खांदा, इथे टॅटू असेल तर भरायला वेळ लागतो आणि व्यायामातही आठ-दहा दिवस सांभाळावं लागतं.

पाण्याबद्दल मी फार कडक आहे. अंघोळ रोज करा, पण पोहण्याचा तलाव, नदी, समुद्र, टब यांत बुडून राहणं त्वचा पूर्ण मिटेपर्यंत वर्ज्य. निदान तीन आठवडे धरा. २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एका माणसाची हकीकत प्रसिद्ध झाली. पायावर टॅटू काढून पाचच दिवस झाले होते आणि तो मेक्सिकोच्या आखातात पोहला. समुद्राच्या कोमट पाण्यात असणारे व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचे जंतू त्या जखमेतून शिरले. त्याचं यकृत आधीपासून आजारी होतं, त्यामुळे शरीराला तो संसर्ग झेपला नाही आणि शेवटी तो दगावला. असं क्वचितच होतं, आणि निरोगी माणसाला तर फारच क्वचित. पण यकृताचा आजार, अनियंत्रित मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं असतील तर टॅटूच्या आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही आम्हाला सांगा. ती मनाने बंद करून येऊ नका.

ऊन हा टॅटूचा जन्माचा वैरी. जखम भरेपर्यंत सनस्क्रीनही नको, कपड्यानेच झाका. भरल्यानंतर मात्र उघड्यावरच्या टॅटूला एसपीएफ तीस किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन कायम लावा. वर्षभरानंतरचे दोन फोटो शेजारी ठेवले तर कोणी लावलं आणि कोणी नाही ते सहज ओळखू येतं.

आपल्या लेखात बारीक अक्षरांतल्या नावांचं कौतुक होतं. देवनागरी अक्षरांबाबत मला इथे कळकळीने सांगायचंय. शाई वर्षांगणिक थोडी थोडी पसरते, रेष जाड होते. अगदी बारीक काढलेल्या 'ष'च्या पोटातली तिरपी रेघ आणि बाजूची मोकळी जागा एक होते, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, 'घ' आणि 'ध' ओळखू येईनासे होतात. ताज्या फोटोत हे कधीच दिसत नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत आईचं अख्खं नाव मागणाऱ्यांना मी जुने टॅटू दाखवते, मग ते आपणहून अक्षर मोठं करतात. रंगांचंही तसंच. शाई त्वचेच्या रंगद्रव्याच्या थराखाली बसते, म्हणजे रंग आपल्या त्वचेतून गाळून दिसतो. सावळ्या किंवा गडद त्वचेवर पांढरा आणि फिका पिवळा बरे झाल्यावर पार वेगळे दिसतात. काळा आणि गडद छटा सुंदर राहतात.

तिळावर, मसावर टॅटू मागू नका. आर्टिस्ट तयार असला तरी नको. तिळाचा आकार किंवा रंग बदलला तर तो त्वचेच्या कर्करोगाचा इशारा असू शकतो आणि शाईखाली तो दिसत नाही. सोरायसिस, कोड किंवा लायकेन प्लॅनस (खाजरे, जांभळट चट्टे येणारा त्वचारोग) असणाऱ्यांना जिथे जिथे त्वचेला इजा होते तिथे तोच आजार उमटू शकतो. हे हाइनरिश कोबनर या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलंय. ज्यांच्या जुन्या जखमांचे व्रण वाढून केलॉइड होतात, त्यांनी विशेषतः छाती आणि खांदा टाळावा. गरोदरपणात थांबावं. रक्तदान नियमित करत असाल तर टॅटूनंतर किती काळ थांबायचं ते रक्तपेढीत विचारा. ती मुदत सगळीकडे सारखी नसते.

स्वच्छतेवर आपल्या लेखात "नवी सुई वापरतात ना ते बघा" असं होतं. बरोबर आहे, पण अपुरं आहे. सुईचं सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडलं जातं का आणि त्यावरची तारीख उलटलेली नाही ना, ते बघा. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणात काढली जाते का आणि उरलेली फेकली जाते का, तेही बघा. पुन्हा वापरायच्या धातूच्या वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक व्हायला हव्यात. नुसतं उकळणं पुरत नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर तग धरतो. त्यावर लस आहे, ती आधी घेतलेली बरी. हिपॅटायटिस सी वर लस नाही.

आणि पाणी विचारा. हा प्रश्न कोणीच विचारत नाही. राखाडी छटा करायला काळी शाई पातळ करतात. २०११-१२ मध्ये अमेरिकेत रोचेस्टर इथे एकाच आर्टिस्टकडे टॅटू केलेल्या १९ जणांच्या त्वचेवर हट्टी पुरळ उठलं. जंतू क्षयाच्या जंतूच्या कुळातला निघाला. आर्टिस्टची काही चूक नव्हती, तयार मिळणारी राखाडी शाईच दूषित होती. ती डिस्टिल्ड पाण्यात पातळ केलेली होती. डिस्टिल्ड पाणी निर्जंतुक असतंच असं नाही. बाटलीवर 'स्टराइल' लिहिलेलं पाणीच वापरायला हवं, आणि तुमच्या आर्टिस्टला हा फरक माहीत आहे का ते एका प्रश्नात कळतं. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध आणले, ते याच क्षेत्राकडे उशिरा का होईना लक्ष गेल्यामुळे.

डॉक्टरांकडे कधी जायचं? पहिले दोन-तीन दिवस लाली, सूज, उन्हाने भाजल्यासारखी आग, हे चालतं. ते रोज कमी व्हायला हवं. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढू लागलं, टॅटू ठणकू लागला, लाली टॅटूच्या बाहेर पसरू लागली, पू आला, ताप भरला, काखेत किंवा जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आलं, तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लालसर रेघ टॅटूपासून वर चढताना दिसली तर तासभरही थांबू नका. गडद त्वचेवर लाली नीट दिसत नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूने टॅटू आणि दुसऱ्या हातावरची तीच जागा आळीपाळीने चाचपा, गरम लागलं की समजतं. लाल शाईची अ‍ॅलर्जी सगळ्यात जास्त आढळते आणि ती काही महिन्यांनी, कधी वर्षांनीसुद्धा उठते. फक्त लाल भाग उचलला जातो, खाजतो, खवले धरतो. असं झालं तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

जाताना शाईचं नाव घेऊन जा. कंपनी, रंग आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक. डॉक्टरांना ते लागतं आणि शाईच खराब निघाली तर इतरांनाही वेळीच कळवता येतं. मी प्रत्येक माणसापुढे हे तिन्ही वहीत लिहून ठेवते आणि त्याच्या कागदावरही लिहून देते. आपल्या वाचकांपैकी ज्यांचा टॅटू झाला आहे त्यांनी आपापल्या आर्टिस्टकडे हे मागावं. ज्यांचा व्हायचा आहे त्यांनी मशीन सुरू होण्याआधी बाटलीवरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवावा.

आपली,
एक टॅटू आर्टिस्ट आणि नियमित वाचक